नऊ टाक्यांचं पोट

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. स्टुडिओच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यापासून ते पोस्टरवर झळकणाऱ्या नटापर्यंत सगळे तिला पोटवाली म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. ज्याचं काम त्याचं नाव. सिनेमात बाई गरोदर दिसते तेव्हा तिच्या कपड्यांच्या आत जे पोट असतं, ते ही शिवायची. सव्वीस वर्षं झाली, दुसरं काही शिवलं नाही.

पोट शिवणं म्हणजे उशी शिवणं नव्हे, हे ती नव्याने आलेल्या प्रत्येकीला सांगे. तिसऱ्या महिन्याचं पोट नुसतं कापसाचं, ते दिसायचं कमी आणि कळायचं जास्त. पाचव्यापासून स्पंजाच्या आत बारीक मोहरीच्या पुरचुंड्या जात, कारण वजन नसेल तर बाई पोट असल्यासारखी चालत नाही, पोट बांधल्यासारखी चालते. सातव्यात पुरचुंडी खाली सरकवायची. नवव्यात कमरेच्या पट्ट्याला मागून दुहेरी शिलाई, नाहीतर नटी खुर्चीतून उठताना पोट मागे राहतं आणि सगळा सेट हसतो. शूटिंगच्या आधी दोन दिवस नटीने ते घरी घालून वावरायचं, हा तिचा नियम. "आधी पोट अंगवळणी पडू दे, चाल आपोआप येते," ती म्हणे.

आणखी एक सवय होती. पोटाच्या आतल्या बाजूला, जिथे कॅमेरा कधी पोचत नाही, तिथे ती लाल दोऱ्याने टाके घाली. तिसऱ्या महिन्याला तीन, पाचव्याला पाच, नवव्याला नऊ. शूटिंग संपलं की पोटं तिच्या खोलीत परत येत आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने बसत. टाके मोजले की पोट ओळखू येई. सिनेमाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी टाचणीने लावलेली असे.

हे झालं कामाचं. घरी तिचं माणूस म्हणजे ड्रायव्हरीण. शहरातली बस चालवायची, खांद्याने रुंद, आवाजाने मोठी, आणि मनाने इतकी हळवी की बसखाली कबूतर आलं तर दोन दिवस जेवायची नाही. दोघींना एकत्र राहून अकरा वर्षं झाली होती. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खालून दिवसभर किल्ली घासल्याचा आवाज येई.

तिसरी होती आई, पोटवालीची. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर म्हणून तीन वर्षांपूर्वी आली आणि राहिली. थोरल्या मुलाचं घर मोठं होतं, पण तिथे तिला बोलायला कोणी नव्हतं. आई देवभोळी. पहाटे उठून तासभर देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही. दुपारी जेवण आवरलं की टीव्हीसमोर बसून सिनेमा. ड्रायव्हरीण तिला चिडवायची, "आई, सकाळी देव सांगतो ते दुपारपर्यंत टिकतं तुमचं, आणि दुपारी सिनेमा सांगतो ते आठवडाभर."

"तू रस्त्याकडे बघ," आई म्हणायची. "माझ्याकडे बघू नकोस."

ड्रायव्हरीणीला दिवस गेले, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रीतसर, दात्याच्या मदतीने, तेव्हा दोघी आईला सांगायला घाबरल्या. आता ही देवाधर्माचं काढणार, अशी खात्रीच होती. आईने ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"देवाचं मी बघते," ती म्हणाली. "त्याच्याशी माझं रोजचं बोलणं आहे. तिकडून काही अडचण नाही. मला भीती आहे ती वेगळीच."

"कसली?"

"अशा दोघी आई व्हायला निघाल्या की काय होतं ते मी बघितलंय."

"कुठे बघितलंस?"

"सिनेमात."

आणि तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एका सिनेमात मूल चार महिन्यांचं असताना एक जण गाडीखाली गेली. दुसऱ्यात ज्या माणसाने नुसती मदत केली होती तो दारात येऊन उभा राहिला, आणि त्यातली एक त्याच्याबरोबर निघून गेली, मुलासकट. तिसऱ्यात कोर्ट झालं आणि मूल आजीकडे गेलं. चौथा हसण्यावारी नेलेला होता, दिवस राहावेत म्हणून स्वयंपाकघरात पिचकारी घेऊन धावपळ, पण त्यातही शेवटी मूल झालं नाही ते नाहीच. "एकीचंही धड झालेलं मी पाहिलं नाही," आई म्हणाली. "तुम्ही म्हणाल खोटं असतं. सगळेच कसे खोटं बोलतील? शंभर घरांत धूर दिसला तर कुठेतरी जळत असणारच ना?"

दोघी हसल्या, पण आई हसली नाही. तिचं म्हणणं एकच होतं: सातवा लागला की मी थोरल्याकडे जाते. चांगलं झालं की बोलवा. मला इथे बसून बघवणार नाही.

आता गोष्ट अशी होती की आईशिवाय भागणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सातव्यापासून हिला एक तासही एकटं सोडायचं नाही. का, ते त्या दोघींना आणि डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. ड्रायव्हरीणीच्या माहेरच्यांनी दार कधीच लावून घेतलं होतं. पोटवाली घरी बसली तर घर चालणार नव्हतं. राहता राहिली आई, आणि आई सातव्याच्या नावाने बॅगेकडे बघत होती.

अशात तो सिनेमा आला.

दिग्दर्शक बाई होती, चाळिशीची, पायात सपाट बूट, बोलणं लोण्यासारखं. तिच्या सिनेमात दोन बायका होत्या, त्यांना मूल हवं होतं. पोटवालीकडे ती पोटं ठरवायला आली आणि बोलता बोलता पोटवालीचं घर काय आहे ते तिला कळलं. मग ती घरी आली. एकदा नाही, चारदा. चारही वेळा जेवली. फ्रीजवर दवाखान्याच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडर बघितलं, रांगेत बसून नाव पुकारलं की कोण उठतं ते विचारलं, फॉर्मवर 'पतीचे नाव' लिहिलेल्या रकान्यात काय लिहिता ते विचारलं. "रेघ मारतो," ड्रायव्हरीण म्हणाली, "आणि ती खोडली की परत मारतो." बाईने ते लिहून घेतलं.

एकदा मोरीपाशी ताटं धुताना ड्रायव्हरीणीने तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी आईलाही सांगितलेली नव्हती. ती काय, ते पुढे येईलच.

"या वेळी खरं दाखवायचंय," बाई म्हणाली. "आजवर कोणी दाखवलं नाही असं."

पोटवालीला आभाळ ठेंगणं झालं. सिनेमातली नटी उंचीने, बांध्याने अगदी ड्रायव्हरीणीसारखी होती, म्हणून तिने काय करावं? दर रविवारी फीत घेऊन ड्रायव्हरीणीचं माप घेतलं आणि त्या मापावरच पोटं बेतली. घरचं खरं पोट जसं वाढत होतं तसं कामाच्या टेबलावर खोटं. ऑर्डर आली तिसऱ्याची, पाचव्याची, सातव्याची. नवव्याची आली नाही, पण त्याचं तिला काहीच वाटलं नाही. सिनेमावाले नववा नेहमी शेवटी मागतात. तोवर नटीचं वजन वाढलेलं असतं, जास्त खाल्लेलं असतं, माप नव्याने घ्यावं लागतं. सव्वीस वर्षांत हाच रिवाज. म्हणून तिने नवव्याचं कापड थोडं वाढीव धरून आधीच कापून ठेवलं आणि घरी येऊन छातीठोकपणे सांगितलं,

"आई, या सिनेमात नववा येतो."

"कशावरून?"

"मी शिवतेय ना. कापडसुद्धा कापलंय."

आईने तिच्याकडे पाहिलं. "स्वतःच्या हाताने?"

"स्वतःच्या. त्या दिवशी तुला सेटवर नेते. बघ आपल्या डोळ्यांनी."

"मग बघू," आई म्हणाली. "असा एक जरी पार पडला, तर मी राहते."

झालं. चेंडू सिनेमाच्या अंगणात गेला. आईने बॅग पलंगाखाली ढकलली, आणि पोटवालीला पहिल्यांदा पोटभर झोप लागली.

ड्रायव्हरीणीचा सहावा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी पोटवाली सातव्या महिन्याच्या पोटाला हूक लावत बसली होती. दिग्दर्शक बाई आत आली, पोट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"सुरेख झालंय. याला आता एक पिशवी बसवायची. आतून, खालच्या बाजूला. बोटभर जाडीची. पट्टा ओढला की फुटली पाहिजे."

पोटवालीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या. "कसली पिशवी?"

"रक्ताची."



"पडते का ती?"

"जिन्यावरून. मग दवाखाना, मग मोठा शांत सीन. त्यानंतर दोघी वेगळ्या होतात. एक घरच्यांकडे परत जाते, लग्न करते. शेवटी रिकामा पाळणा आणि उघडी खिडकी. एक शब्द नाही."

"आणि नववा?"

"नववा कुठला? नववा नाहीये."

पोटवालीने टाचण्या टेबलावर ठेवल्या. "बाई," ती म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे चारदा जेवलात."

"हो, आणि विसरणार नाही. पण हे तुमच्याबद्दल नाही हो. तुम्हीच सांगा, सगळं नीट पार पडलं तर बघणार कोण? लोकांना यांच्याबद्दल वाईट वाटलं पाहिजे. सुखी माणसाबद्दल कोणाला वाईट वाटतं?" तिने पोटवालीच्या खांद्यावर हात ठेवला. "परवा लागेल. पातळ बसवा, वरून दिसता कामा नये."

बाई गेली. पोटवाली कितीतरी वेळ त्या पोटाकडे बघत राहिली. माप ड्रायव्हरीणीचं होतं. डावीकडे किंचित जास्त फुगवटा, कारण बाळ त्या बाजूला सरकून बसायचं, तोसुद्धा तिने हौसेने उतरवला होता. आणि आता त्यात रक्ताची पिशवी घालायची, तीही तिनेच.

मग ती उठली आणि फळ्यांपाशी गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. नवरा-बायकोच्या सिनेमांतली पोटं ती उलटी करून बघू लागली. नऊ टाके. नऊ. पाच, पण चिठ्ठी बघितली तर त्याच सिनेमाचं नऊ शेजारीच. आठ, नऊ, नऊ. त्यांतल्या काहींचं सिनेमात बरंवाईट झालंही असेल, पण नऊ टाक्यांच्या पोटांनी वरच्या तीन फळ्या छतापर्यंत भरल्या होत्या. मग तिने ते दोन बायकांचे सिनेमे शोधले. सव्वीस वर्षांत चार. त्यांची सात पोटं होती. तीन टाके. पाच. चार. पाच. तीन. सात. सहा.

तिने परत मोजली. कोपऱ्यात काही पडलं असेल म्हणून स्टूल घेऊन माळाही पाहिला. नऊ टाक्यांचं एकही नव्हतं. आठचंसुद्धा नव्हतं.

स्वतःच्या हाताने शिवली, स्वतःच्या हाताने टाके घातले, धूळ झटकली, ओळीने मांडली, आणि आजवर एकदाही डोळ्यांना दिसलं नाही. ती स्टुलावर बसली. आई दुपारच्या टीव्हीसमोर बसून जे बघत होती, ते हिच्या डोक्यावरच्या फळीवर सव्वीस वर्षं धूळ खात पडलं होतं. आणि आईला आपण म्हणत होतो की सिनेमाचं काय ऐकतेस.

घरी ती काही बोलली नाही. जेवणात मीठ घालायचं राहिलं. आईने विचारलं, "नवव्याचं शिवलंस?"

"शिवतेय," ती म्हणाली. आईशी बोललेलं हे तिचं कित्येक वर्षांतलं पहिलं धडधडीत खोटं. ड्रायव्हरीण बशीतली भाजी चिवडत तिच्याकडे रोखून बघत होती.

दुसरा दिवस रविवार. सकाळी अकराच्या सुमारास दारावर टकटक झाली. दारात नटी, हातात फळांची पिशवी, अंगावर सातव्याचं पोट. पिशवी बसवायची बाकी होती, पण चालीची सवय व्हावी म्हणून तिने ते नियमाप्रमाणे कालच नेलं होतं. तीन जिने चढून आल्यामुळे ती खरोखरच धापा टाकत होती. ड्रायव्हरीणीने दार उघडलं. दोघी समोरासमोर, एकाच मापाच्या.

"या," ड्रायव्हरीण म्हणाली. "आता कोणी कोणाला खुर्ची द्यायची?"

नटी हसली, मग गंभीर झाली. पोर गुणी होती, पंचविशीची, कामाला सच्ची. ती बसली, पाणी प्यायली, आणि जे विचारायला आली होती ते तिने सरळ विचारलं.

"उद्या तो सीन आहे. मूल जातं तो. बाई म्हणाल्या, तुमचं तसं झालं होतं एकदा. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं, त्या वेळी नेमकं कसं रडू येतं. मला खोटं करायचं नाहीये."

पोटवालीच्या हातातून चहाचा कप निसटला. फुटला नाही, चटईवर पडला, चहा मात्र सगळीकडे झाला. आणि तो पुसायला फडकं आणावं म्हणून ती वळली तर आतल्या खोलीच्या दारात आई उभी.

"कोणाचं मूल जातं?" आईने विचारलं.

नटी उठून उभी राहिली, परत बसली. तिला आपण काय केलं ते अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी केलं एवढं कळलं होतं.

"सिनेमातलं, आजी," ती हळूच म्हणाली.

आई लेकीकडे वळली. "नववा येतो म्हणालीस."

"मला वाटलं होतं, आई."

"वाटलं होतं." आईने तो शब्द असा उच्चारला की जणू बाजारातून आणलेलं नासकं फळ परत करतेय. "आणि काल शिवतेय म्हणालीस, तेही वाटलंच होतं?"

ती आत गेली. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज बाहेर ऐकू आला, मग कपाटाचं दार. पोटवाली चटईवरचा चहा पुसत राहिली. सातवा लागायला सहा दिवस उरले होते.

ड्रायव्हरीण खुर्चीतून उठली नाही. तिने आवाजही चढवला नाही. नटीकडे बघतच ती बोलली, पण आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने, बसमध्ये शेवटच्या सीटला ऐकू जावं तसं.

"मी रडले नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. मंगळवार होता. साडेतीन महिने झाले होते. दुपारी डेपोत बस लावली तेव्हा कळलं काहीतरी बिघडलंय. दवाखान्यात गेले. हिला कळवलं, ही आली. संध्याकाळी सहाला सोडलं. रिक्षा करून घरी आलो."

"मग?" नटीने विचारलं.

"मग सात वाजले होते. आईंच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती."

आतला आवाज थांबला.

"ऑपरेशन नुकतंच झालं होतं त्यांचं. दर चार तासांनी थेंब घालायचे होते. हिला बाटलीचं झाकण उघडेना, म्हणून मी घातले. सातला घातले, अकराला घातले. मग ही आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. कोणी कोणाला सोडून गेलं नाही. जायचं कुठे? जिन्यात दिवा नव्हता." ती किंचित हसली. "ही म्हणाली, काहीतरी खाऊन घे. मी खाल्लं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तीन महिने थांबा. आम्ही थांबलो. मग परत गेलो. चारदा गेलो, तेव्हा हे." तिने पोटावर हात ठेवला.

नटी तिच्याकडे आ वासून बघत होती. "एवढंच?" ती म्हणाली. "म्हणजे... असं काहीच लिहिलेलं नाहीये."

"मोरीपाशी ताटं धुताना मी बाईंना हे सगळं सांगितलं होतं," ड्रायव्हरीण म्हणाली. "त्यांनी पहिली दोन वाक्यं नेली वाटतं."

आई दारात आली. हातात घडी न घातलेला टॉवेल होता. तिचा चेहरा पोटवालीने आयुष्यात कधी पाहिला नव्हता असा झाला होता. वडील गेले तेव्हाही नाही.

"तो मंगळवार," आई म्हणाली. "मी तुला ओरडले होते."

"हो."

"थेंब गालावर गेला म्हणून."

"हो, आई."

"काय म्हणाले होते मी?"

"म्हणालात, हात बसचा आहे, डोळ्याचा नाही."

आई भिंतीला टेकली, आणि टेकतच खाली बसली. पोटवाली पुढे झाली तर तिने हाताने तिला थांबवलं. जे सिनेमात बघून तिची झोप उडत होती, ते याच घरात, दोन हातांवर घडून गेलं होतं, आणि ती डोळ्यांवर पट्टी बांधून पडल्या पडल्या थेंब नीट घालत नाही म्हणून कुरकुरत होती. देवाने तिला त्या दिवशी आंधळं ठेवलं की वाचवलं, हे तिचं तिलाच उमगेना. शेवटी तिने विचारलं ते भलतंच.

"आणि रात्री तीनला कोणी घातले?"

"मीच."

आईने टॉवेल तोंडावर धरला.

ती गेली नाही. जाणार नाही असंही म्हणाली नाही. बॅग तिने आवरली नाही की भरली नाही, पलंगावर उघडीच राहिली, आणि चार दिवसांत एकेक वस्तू लागेल तशी बाहेर आली, आधी चपला, मग गुडघ्याचं तेल, शेवटी देवाचं पुस्तक.

नटीने जाताना सातव्याचं पोट सोडून पोटवालीच्या हातात दिलं. "हे मी नाही घालणार," ती म्हणाली. सोमवारी तिने दिग्दर्शक बाईंना शेवट बदलायला सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, शेवटासाठीच पैसे मिळालेत. पोटवालीने फळीवरचं एक जुनं सात टाक्यांचं पोट काढून दिलं, पिशवी तुमची तुम्ही बसवून घ्या म्हणाली. "फरक काय पडतो?" बाईंनी विचारलं. "माप माझ्या घरचं आहे," पोटवाली म्हणाली आणि मशीनवर बसली. त्या कंपनीचं काम त्यानंतर आलं नाही.

सातवा लागला, सरला. आठवाही. आई दिवसभर ड्रायव्हरीणीच्या उशाशी असे आणि तिला रस्त्यावरच्या बसचे आवाज ओळखायला लावी. नववा पुरा भरला आणि एका दुपारी मुलगी झाली. आवाज आईवर गेला, म्हणजे ड्रायव्हरीणीवर. जिन्याखालचा किल्लीवाला वर येऊन बघून गेला, "हॉर्न चांगला आहे," म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. पोटवालीला जायचं नव्हतं, ड्रायव्हरीणीची ड्युटी होती. आईच हट्टाला पेटली. "मला बघायचंय," एवढंच. म्हणून दुपारच्या खेळाला तिघी गेल्या, आई, लेक आणि नात.

थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. फ्रीजवरचं कॅलेंडर आलं, रकान्यातली रेघ आली. लोक हसले. मग जिना आला. पिशवी फुटली. मागच्या रांगेतून हुंदके ऐकू येऊ लागले. पोटवालीने मान खाली घातली आणि आईचा हात शोधला, तर आईचा हात कोरडा, शांत. सिनेमात चिमणी मेली तरी रडणारी बाई, ती आज नुसती बघत होती, हिशेब चुकलेल्या पोराची वही बघावी तशी.

शेजारच्या खुर्चीत एक बाई होती, आईच्याच वयाची, हातातला रुमाल ओला झालेला. ती आईकडे झुकून कुजबुजली, "बिचाऱ्या. पण अशांचं असंच होतं बघा शेवटी."

"कुठे बघितलंत?" आईने विचारलं.

"काय?"

"असंच होतं, हे कुठे बघितलंत तुम्ही?"

बाई गोंधळली. "म्हणजे... सिनेमातच की. नेहमी तर दाखवतात."

"मीही तिथेच बघितलं होतं," आई म्हणाली. मग तिने मांडीवरची नात उचलली आणि त्या बाईच्या मांडीवर ठेवली. "धरा जरा. हिची एक आई माझ्या पलीकडे बसलीय. दुसरी ड्युटीवर आहे, साडेपाचला सुटते."

ती बाई आईकडे बघायला लागली, मग वाकून पोटवालीकडे, मग परत मांडीकडे. पुढच्या रांगेतून कोणीतरी 'श्श्' केलं. मुलीने झोपेतच त्या ओल्या रुमालाचं टोक मुठीत धरलं. पडद्यावर एक जण सामान भरत होती, दुसरी खिडकीपाशी उभी होती, पण शेजारच्या बाईचं तिकडे लक्षच नव्हतं. अंधारात चाचपडत ती बाळाच्या मानेखाली हात नीट बसवत होती.